तुमच्या नावाची फरशी

प्रिय वन्सं,

काल मी तुमचं बिंग फोडलं. तुम्हाला विचारून फोडायला हवं होतं, पण विचारणार कुठे? म्हणून आज हे पत्र. रविवारची दुपार आहे, तुमचा धाकटा भाऊ जेवून आडवा झालाय आणि मी भांडी तशीच टाकून लिहायला बसले आहे. नणंदेवरचा राग तिच्या जिवंतपणी काढायचा नसतो, असं तुम्हीच मला एकदा हसत हसत सांगितलं होतं. तर आता काढते. ऐकून घ्या.

आधी हकिगत सांगते. तुमचं वर्षश्राद्ध नीट पार पडलं. जेवणं उरकल्यावर दाजींनी मला गोठ्याकडे बाजूला बोलावलं. तुमचे यजमान कुणाला बाजूला बोलावणारे माणूस नव्हेत. उसाच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारावी तसं घरातही बोलतात. त्या दिवशी मात्र आवाज खाली होता.

"माधुरी, शालनचा एक चांगला फोटू लागतोय. दगडावर काढायचा हाय, नावासंगं."

"कुठल्या दगडावर, दाजी?"

"म्हादेवाच्या देवळात फरशी टाकतोय. ग्रॅनाइट. गाभारा, मंडप, समदं. तिच्या स्मरणार्थ." माझा चेहरा पडला असावा, कारण त्यांनी घाईने पुढे जोडलं, "पयल्या नंबरचा माल हाय. काळा. आरशावानी."

आरशासारखा! वन्सं, त्या मंडपात तुम्ही किती वेळा पालथ्या पडून कॅमेरा लावला असेल? माणसांच्या पायांनी खोलगट झालेले ते दगड. त्यातल्या एकावर, खांबाच्या आडोशाला, कुणीतरी कधीकाळी कोरलेला खेळाचा पट, छोट्या छोट्या खळग्यांच्या दोन ओळींचा. तो पहिल्यांदा सापडला तेव्हा तुम्ही पदराने त्यातली माती पुसलीत आणि म्हणालात, "देवाच्या दारात बसून कुणी डाव मांडला असंल बघ, माधुरे. माझ्यावानीच घरनं पळून आलेलं."

त्या पटावर आता आरसा बसणार होता. आणि त्यावर तुमचंच नाव.

मी काय म्हटलं असेन? "बघते फोटो," एवढंच म्हटलं. भ्याले. चिडले, ती घरी आल्यावर.

तुमचा फोटो शोधायला बसले तेव्हा तर कहर झाला. तुमच्या कॅमेऱ्यातलं सगळं माझ्या संगणकावर आहे. शेकडो फोटो. पडकी शिखरं, बुरूज, भिंतीत उगवलेले पिंपळ, ओढ्याकाठची बारव. एकावरही गावाचं नाव नाही! "ध्यानात ऱ्हातंय की," म्हणायच्या. तुमच्या ध्यानात राहिलं हो, माझ्या कुठे? आता एक सुंदर दरवाजा समोर येतो, चौकटीवर हंसांची रांग, आणि तो कऱ्हाटीकडचा की नीरेकाठचा, हे मला मेलं आठवत नाही. आणि तुम्ही? एकाही फोटोत नाही. कॅमेरा माझ्या हातात कधी दिलात का? दिला असतात तर आज दाजींना द्यायला काहीतरी असतं.

सुरुवात कशी झाली ते तरी आठवतं का तुम्हाला? तुमच्या लेकाने पुण्याहून कॅमेरा आणला, हौस फिटल्यावर तुमच्या कपाटात टाकून गेला. त्याच सुमारास आमच्याकडे आला होतात तेव्हा माझ्या मोबाइलवर तो आयर्लंडचा माणूस दिसला. पावसात हिंडून तिकडचे जुने पडके किल्ले आणि चर्चं यांचे फोटो काढणारा. छप्पर नाही, खिडक्यांतून आभाळ, आत हिरवंगार गवत. मी तुम्हाला मराठीत सांगत होते आणि तुम्ही मोबाइल नाकाशी धरून बघत होतात.

"छप्पर का न्हाय घालत ती लोकं?"

"जसं आहे तसं ठेवतात म्हणे. आणखी पडू देत नाहीत, गवत कापतात, बस."

"आन गाव नावं न्हाय ठेवत?"

पुढच्या रविवारी तुम्ही एसटीने बारामतीत हजर. साडीवर दाजींचा लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल, पिशवीत कॅमेरा आणि भाकरी. "चल, काढ तुझी गाडी. आपला बी आयर्लंड बघू."

त्या हिंडण्याने मला काय दिलं हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी शिकवण्या घेणारी बाई. एरवी दुसऱ्यांच्या मुलांच्या वह्या तपासायच्या, स्वतःच्या रोजनिशीत स्वतःच्याच चुका तपासायच्या. तुम्ही मला उन्हात थांबायला शिकवलंत. दुपारी मी घाई करायची आणि तुम्ही भिंतीच्या सावलीत बसून म्हणायच्या, "आता दगड आंधळा हाय. ऊन कलू दे." आणि ऊन कललं की खरंच, सपाट वाटणाऱ्या भिंतीवर एकेक नाक, एकेक बोट वर यायचं. मी श्वास रोखून उभी, आणि तुम्ही शांतपणे भाकरीचा तुकडा तोंडात टाकून कॅमेरा डोळ्याला लावत.

लोकांनी काय कमी छळलं आपल्याला? भिगवणला मोठमोठ्या लेन्सा घेऊन पक्षी बघायला येतात त्यांना कुणी काही विचारत नाही. आपल्याला मात्र प्रत्येक वेशीवर जबाब. त्या गढीवरचा मेंढ्या राखणारा म्हातारा आठवतो? आपण बुरुजाखाली वाकलेल्या, आणि तो काठी टेकून वरून बघतोय.

"हंडा घावला का, बायांनो?"

"न्हाय ओ म्हातारबा," तुम्ही मान वर न करता म्हणालात, "घावला की निम्मा तुमचा."

आणि त्या दुसऱ्या गावातल्या काकू! "बाई, त्या पडक्या भिंतीचं एवढं फोटू काढती, लगीन जुळवायचंय व्हय तिचं?" तुम्ही म्हणालात, "व्हय. बघा तुमच्याकडं कुणी जुना वाडा असंल तर." आपण गाडीवर बसून नदीच्या पुलापर्यंत हसत गेलो होतो.

पण हे सगळं बाहेर. घरी काय सांगायचात तुम्ही? "देवाला जाऊन येते."

तिथेच तर माझा सगळा राग आहे, वन्सं! आपल्याकडे बाईने घराबाहेर पडायला एवढं एक कारण पुरतं, पुढे कुणी विचारत नाही. सोमवारी महादेव, चतुर्थीला मोरगाव, अमावस्येला आणखी कुठला तरी देव. मोरगावला आपण जायचो, पायरीवर डोकं टेकायचो, आणि तिथून गाडी कऱ्हेच्या अंगाने पडक्या गढ्यांकडे वळायची. दाजींचा फोन आला की तुम्ही तो माझ्या हातात कोंबायचात आणि मी म्हणायची, "रांगेत आहोत, दाजी." समोर एक चिटपाखरू नसायचं. मला त्यात गंमत वाटायची. तुम्हालाही वाटायची. त्या गमतीचा शेवट असा होईल हे कुणाला सुचलं होतं?

दाजींना काय दिसलं? त्यांना दिसलं की आपली बायको फार देवभोळी. सोमवार चुकवत नाही. गावाबाहेरच्या त्या महादेवावर तर तिचा फार जीव. मग ती गेल्यावर या माणसाने तिच्यासाठी काय करावं? जे आपल्याकडचा कुठलाही भला माणूस करील तेच. देवळाला फरशी द्यावी, तिच्या नावाची पाटी लावावी.

तुमच्या त्या एका वाक्याची परतफेड आहे ती. कळतंय ना?

घरी येऊन तुमच्या भावाला सांगितलं. तो म्हणाला, "तू कशाला मध्ये पडतेस? माणूस बायकोच्या नावाने देवाला काही देतोय. वाईट करतोय का?"

नाही. वाईट नाही करत. हेच तर अवघड होतं. मला झोंबलं ते वेगळंच. मी स्वतःला विचारलं, हा माझा हट्ट कुणासाठी? तुमच्यासाठी की माझ्यासाठी? मी बारामतीची पांढरपेशी बाई, मला पडकं देऊळ सुंदर दिसतं, कारण मला तिथे रोज पाणी घालायला जावं लागत नाही. आणि तुम्हाला ते तसंच हवं होतं, असं तुम्ही मला एका शब्दाने तरी सांगितलं होतं का? सगळ्या रोजनिश्या चाळल्या. तुमचे विनोद आहेत, तुमच्या भाकरीबरोबरच्या ठेच्याची चव आहे. हे नाही.

उलट गोंधळ आहे. एका गावात जीर्णोद्धार झालेलं देऊळ बघायला गेलो होतो. खांबांना गुलाबी ऑइलपेंट, पानाफुलांना हिरवा, द्वारपालांना मिशा काढलेल्या. तुम्ही दारातच बसलात. "मेल्यांनी दगडाची नाटकमंडळी केली," म्हणालात, आणि कॅमेरा पिशवीतून बाहेरच काढला नाहीत. मग मी समजले की तुम्हाला हे आवडत नाही. पण त्यानंतर एका अमावस्येला ओढ्याकाठी तो वीरगळ सापडला, लढाईत पडलेल्या कुणा वीराचा कोरीव दगड, गवतात आडवा. आपण तो मोठ्या कष्टाने उभा केला. मी फोटोसाठी बाजूला झाले, आणि तुम्ही पिशवीतून शेंदराची पुडी काढून त्याला खुशाल शेंदूर फासलात!

"अहो वन्सं, कोरीवकाम बुजेल ना!"

"बुजू दे. इतकी वर्षं कुणी इचारलं न्हाय त्याला."

मग? तुम्हाला नेमकं काय हवं होतं? गुलाबी रंगाने रुसलात आणि शेंदूर स्वतःच्या हाताने लावलात. मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण तुम्हीही सांगायला हवं होतं! एवढं सगळं बघितलंत, एवढं मनात ठेवलंत, आणि मरताना चार दिवस बोलत होतात तेही म्हशीच्या औषधाबद्दल.

तर काल सकाळी उठले आणि गाडी काढली. ठरवलं काहीच नव्हतं. कळंबच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे धुरळा खात जाताना मनात दहा वाक्यं जुळवली आणि दहाही टाकून दिली.

देवळापाशी पोचले तर टेम्पो रिकामा होऊन उभा. ग्रॅनाइटच्या लाद्या पिंपळाखाली रचलेल्या, आणि त्यांच्यावर हळद-कुंकू वाहून नारळ फोडलेला. कामगार चहा पीत होते. देवस्थान समितीचे आबा खुर्ची टाकून बसले होते. दाजी मंडपात, चप्पल काढून, हात मागे बांधून फरसबंदीकडे बघत उभे.

"या, बारामतीकर," आबा म्हणाले. "आज कॅमेरा न्हाय आणला?"

"आबा, हे काम थोडं थांबवता येईल का?"

"का? मुहूर्त चुकलाय व्हय?"

"ही फरसबंदी फार जुनी आहे हो. देऊळ बांधलं तेव्हाची."

"मंग झालीच की जुनी. धोतार जुनं झाल्यावर नवं घेत्यात का तेच पुजत्यात?" चहा पिणारे हसले. मग आबा हसायचे थांबले. "ह्ये बघा, बाई. पावसाळ्यात हितं शेवाळ धरतंय. आमच्या मंडळीचं मनगाट मोडलं हितंच घसरून. तुमी फोटू काढून बारामतीला जाता. सांजचा दिवा आमी लावतो."

वन्सं, ते खरं होतं. मी फक्त एवढं म्हटलं, "ओल्या ग्रॅनाइटवर तर पाय जास्त घसरेल, आबा."

"त्याला खडबडीत पट्ट्या मारू," आबांनी उडवून लावलं.

तेवढ्यात दाजी पायरीवर आले. "माधुरी, तुला आवडलं न्हाय का माल? चांगला बघून आणलाय गं. शालनसाठी हाय. ह्या म्हादेवाचं तिला लय वेड. सोमवार न्हाय मोडला तिनं कवा."

आणि मी बोलून गेले.

"दाजी, वन्सं देवासाठी नव्हत्या येत."

त्यांना कळलंच नाही आधी. "मंग?"

"दगडासाठी यायच्या. हा खांब, ही जमीन, हे बघायला. फोटो काढायला. देवाला जाते म्हणायच्या ते घरातून निघता यावं म्हणून."

"आन मोरगाव? चतुर्थीचं?"

"पायरीवर नमस्कार करून पुढे जायचो. गढ्या बघायला. मीच न्यायची गाडीवरून. फोनवर मी रांगेत आहोत म्हणायची ना, तेव्हा आम्ही कुठल्या तरी बुरुजावर असायचो."

आबांनी सुद्धा चहाचा कप खाली ठेवला. दाजी खाली बसले, पायरीवर, उन्हात. मला वाटलं आता हे ओरडणार. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"समदं खोटंच म्हणायचं का मंग?"

"नाही हो. नमस्कार करायच्याच. पण..." पण काय, वन्सं? तुमचा देवावर किती विश्वास होता हे मला आजही माहीत नाही. मी "माहीत नाही" असंच म्हटलं.

ते पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागले. मग म्हणाले, "मला सांगायला काय झालं हुतं तिला?"

"तुम्ही जाऊ दिलं असतं?"

हा प्रश्न विचारायचा माझा हक्क नव्हता. विचारला. आणि दाजींनी, तुमच्या यजमानांनी, ज्यांना तुम्ही 'आमचा बिनधारेचा कोयता' म्हणायच्या, त्यांनी खोटं उत्तर दिलं नाही.

"न्हाय," ते म्हणाले. "न्हाय म्हणलो असतो. बाई माणूस पडक्या गढ्या हिंडती म्हणल्यावर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं माझ्या. न्हायच म्हणलो असतो."

मग उठले. "दाव."

"काय?"

"तिनं हितं काय बघितलं ते दाव."

मी त्यांना खांबाच्या आडोशाला नेलं. खेळाचा पट दाखवला. ते उकिडवे बसले, एकेका खळग्यात बोट घालून बघितलं. तिरप्या उन्हात उठून आलेली खांबावरची नर्तकीची पट्टी दाखवली, जिच्यासाठी तुम्ही हिवाळ्यातली सकाळ धरून यायच्या. मी बोलत सुटले होते, वर्गात शिकवल्यासारखी. त्यांनी सगळं ऐकलं. शेवटी म्हणाले, "तुला खरं सांगू का? मला न्हाय कळत ह्यातलं काय. दगड तो दगड."

मी पटावरची माती हाताने पुसली.

"पर तिला आवडायचं न्हवं?"

"हो."

"मंग ऱ्हाऊ द्या."

इतकंच! वन्सं, इतकंच लागलं. पटवावं लागलं नाही, इतिहास सांगावा लागला नाही. तिला आवडायचं, मग राहू द्या. हे वाक्य तुम्ही हयात असताना त्या माणसाच्या तोंडून कधीच निघालं नसतं का? ते स्वतः म्हणतात निघालं नसतं. मला मात्र काल रात्रभर वाटत राहिलं, एकदा विचारून तरी बघायचं होतंत. पहिल्यांदा नाही म्हणाले असते. दहाव्यांदा? मला माहीत नाही. तुम्हालाही नव्हतं. तुम्ही विचारलंच नाहीत, देवाला जाते म्हणायची सोय करून मोकळ्या झालात, आणि मी तुम्हाला त्यात गाडीसकट मदत केली.

पण काम तिथे संपलं नाही. आबा उठून आले.

"असं कसं ऱ्हाऊ द्या? देवाच्या नावानं उतरलेला माल हाय. नारळ फुटलाय. देवाचं म्हणून आणलेलं परत घरी न्हेत्यात व्हय? बरं व्हईल का ते?"

एकदा देवाच्या आवारात वाहिलं ते वाहिलं. मग जी घासाघीस सुरू झाली ती तुम्ही ऐकायला हवी होती. आबांचं म्हणणं, सगळीकडे बसवा. दाजींचं म्हणणं, मंडपाला हात लावायचा नाही. मी म्हटलं, आवारातच दुसरीकडे बसवा. कुठे? प्रदक्षिणेच्या वाटेवर? आबा म्हणाले, उन्हात पाय भाजतील. शेवटी पत्र्याच्या शेडमधला भंडाऱ्याच्या स्वयंपाकाचा ओटा निघाला, मातीचा, फुटका. गावातल्या बायका दर वर्षी त्याच्या नावाने बोटं मोडतात म्हणे.

"देव दगडावर आन आचारी ग्रॅनाइटवर," आबा म्हणाले. "करा काय करायचं ते!" पण मनगट मोडलेल्या त्यांच्या मंडळी मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्या म्हणाल्या, "लय झ्याक व्हईल. पीठ मळायला बरं." आबांनी मान डोलावली. घरोघरी तेच.

तर वन्सं, तुमच्या नावाची पाटी भंडाऱ्याच्या ओट्यावर लागणार आहे. तुम्ही, ज्या दर भंडाऱ्याला पुऱ्या लाटायच्या वेळी कॅमेरा घेऊन गायब व्हायच्या! आणि फोटो शेवटी आधार कार्डावरचा दिला. त्यात तुम्ही कोंबडी चोरताना पकडल्यासारख्या दिसता. चिडा खुशाल. दुसरा ठेवला असता तर दिला असता.

सगळं वाचवलं असं मात्र मी म्हणणार नाही. गाभारा आबांनी सोडला नाही. "मंडप तिचा, गाभारा देवाचा," म्हणाले, आणि दाजींनी गाभाऱ्याकडे बघून हात जोडले. मी निघाले तेव्हा आत ग्राइंडर सुरू झाला होता. आवाज रस्त्यापर्यंत येत होता. मी गाडी थांबवली, आणि पुन्हा आत जाऊन काही बोलायचं धैर्य झालं नाही. ते माझं. त्याचा दोष तुम्हाला देत नाही.

मंडपही किती दिवस तसाच राहील, कोण जाणे. शेडच्या मागे ऑइलपेंटचे डबे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. वर गुलाबी रंगाची चकती. विचारलं तर आबा म्हणाले, "त्याचं पुनवंच्या बैठकीत ठरंल. काय बोलायचं ते तितं येऊन बोला. बायका कुणी येत न्हाईत बैठकीला, पर दार काय बंद नसतंय."

त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं की आमंत्रण म्हणून, मी रात्रभर उलटसुलट करून पाहिलं. ठरत नाही. आता त्याने काही बिघडतही नाही.

आज सकाळी दाजींचा फोन आला होता. तुमच्या त्या पटाबद्दल विचारत होते. त्यावर काय खेळायचे, किती जण खेळायचे. मला नीट सांगता आलं नाही. मग म्हणाले, "पुनवंला येतीयास न्हवं? मी बी बसतो. पर बोलायचं तू. मला त्यातलं काय सांगता येत न्हाय."

येते म्हटलं.

तेव्हा हे वचन घ्या, वन्सं. पुनवेच्या बैठकीला मी जाईन, आणि त्याच्या पुढच्याही. घरातून निघताना देवाला जाते असं सांगणार नाही. देवळाच्या भिंतींना रंग लावू नका हे सांगायला जाते, असंच सांगून निघेन, तुमच्या भावाला आणि वाटेत जो विचारेल त्याला. तिथे पुरुषांच्या रांगेत सतरंजीवर बसेन आणि रंगाचा विषय निघाला की बोलेन. शेंदराची पुडी पिशवीत ठेवणारी एक बाई गुलाबी रंग बघून दारातच का बसली, हे मला अजून समजलेलं नाही. तसंच सांगेन त्यांना, समजलेलं नाही म्हणून. रंग थांबेलच असं वचन देत नाही. मी गप्प बसणार नाही, एवढं देते.

तुमची, अजून थोडी रागावलेली,
माधुरी